तेर्तिया : तिसऱ्या लेकीचे नाव




आपल्या बेळगाव-निपाणी पट्ट्यात बाळाचे नाव ठरवणे सोपे नसते. घरात आजीची कोकणी, अंगणात मराठी, जन्मदाखल्यावर कन्नड आणि शाळेत इंग्रजी, एवढ्या ठिकाणी ते नाव नीट बसावे लागते. आत्याला पसंत पडायला हवे, ते वेगळेच. बाप्तिस्म्याच्या तयारी वर्गात हल्ली तरुण आईवडील मोबाइलवरून नावांच्या याद्या आणतात. त्यातूनच नुकताच एक प्रश्न आला : मुलीचे नाव ‘तेर्तिया’ ठेवले तर चालेल का? नाव प्राचीन रोमन आहे, वेगळे आहे, गावात दुसऱ्या कुणाचे नाही. मुलगी त्या घरातली तिसरी. आणि लॅटिन भाषेत तेर्तिया म्हणजे ‘तिसरी’.

प्रश्न एका घरापुरता नाही, म्हणून येथे थोडे सविस्तर लिहीत आहोत.

रोमन नाव म्हटले की आपल्याला परके वाटते. पण आपल्या धर्मग्रामाची नोंदवही उघडून बघा. अँथनी हे नाव आंतोनियस या रोमन कुळाचे. सिसिलिया हे सेसिलियस कुळाचे. मार्टिन हे नाव तर मार्स या रोमन युद्धदेवतेवरून आलेले. पॉल म्हणजे लॅटिनमध्ये लहान, आणि लुसी या नावात उजेड आहे. गोव्याकडच्या घरांतला ‘कायतान’ हाही मूळचा इटलीतल्या गाएता गावावरून आला. ही नावे संतांनी धारण केली, आपल्या आज्यांनी आपल्या जिभेला वळवून घेतली आणि ती आपली झाली. तेव्हा रोमन असणे ही अडचण नाही.

मग अडचण कशात आहे? ती समजण्यासाठी रोमन लोकांचे बारसे पाहू. त्यांच्याकडे मुलीचे नाव आठव्या दिवशी आणि मुलाचे नवव्या दिवशी ठेवत. मुलाला स्वतःचे नाव मिळे, त्यापुढे कुळाचे नाव. मुलीला मात्र बहुधा कुळाचेच नाव स्त्रीलिंगी करून देत. ज्युलियस कुळातली ती ज्युलिया, टुलियस कुळातली ती टुलिया. ज्युलियस सीझरच्या दोन्ही बहिणी ज्युलिया होत्या आणि मुलगीही ज्युलियाच. घरात मुली जास्त झाल्या की ओळखायला आकडे लावत : प्रीमा, सेकुंदा, तेर्तिया. सीझरला मारणाऱ्या ब्रूटसच्या तीन सावत्र बहिणी अशाच होत्या, आणि त्यांतली तिसरी ती जुनिया तेर्तिया.

म्हणजे हे नाव एका अर्थाने मोजणी आहे. मुलींची मोजणी कौतुकाने होते की कुरकुरीने, हा प्रश्न तेव्हाही होता. इ.स.पू. १ मध्ये, म्हणजे साधारण प्रभूच्या जन्माच्याच काळात, रोमच्या ताब्यातल्या इजिप्तमध्ये हिलारिओन नावाच्या माणसाने आपल्या गरोदर बायकोला लिहिलेले पत्र सापडले आहे. त्यात तिची विचारपूस आहे, पगार झाला की पैसे पाठवतो असे आहे, आणि त्याच सुरात, मुलगा झाला तर ठेव, मुलगी झाली तर टाकून दे, असेही सांगितले आहे.

हे वाचून आपण रोमला नावे ठेवू नयेत. निपाणीहून पुण्याच्या वाटेवर कोल्हापूर, कऱ्हाड ओलांडले की सातारा लागते. त्या जिल्ह्यात अनेक मुलींचे नाव ‘नकोशी’ किंवा ‘नकुसा’ होते. मुलीवर मुलगी झाली, आता पुरे, म्हणून ठेवलेले नाव. ते नाव घेऊन ती शाळेत हजेरी देणार, सासरी जाणार. ऑक्टोबर २०११ मध्ये तिथे सरकारी पुढाकाराने कार्यक्रम झाला आणि २५० हून अधिक मुलींना नवी नावे मिळाली. आपल्या बाजूची घरेही या विचारापासून फार लांब नाहीत. तिसरी मुलगी झाली म्हणून पेढे न वाटणारी घरे ख्रिस्ती वस्तीतही आहेत.

पण आकड्याच्या नावात नेहमीच नकार असतो असे नाही. रोमन लोक मुलांनाही क्विंटुस, सेक्स्तुस, म्हणजे पाचवा, सहावा, अशी नावे देत. आणि एका तेर्तियाची गोष्ट तर फारच गोड आहे. एमिलियस पॉलस हा रोमन सेनापती. मॅसिडोनियाचा राजा पर्सियस याच्याविरुद्धच्या युद्धाची जबाबदारी त्याच्यावर आली. त्या दिवशी घरी येतो तर छोटी तेर्तिया रडते आहे. का, तर तिचे पर्सा नावाचे कुत्र्याचे पिल्लू मेले होते. पित्याने तिला जवळ घेतले आणि त्या शब्दांत विजयाचा शकुन मानला. पुढे इ.स.पू. १६८ मध्ये पिडना येथे पर्सियसचा पराभव झाला. एवढा मोठा सेनापती दारातून आत येताच आधी लेकीचे डोळे ओले का, हे विचारतो. तिचे नाव आकडा असले तरी ती त्याला नकोशी नव्हती.

आता पवित्र शास्त्रात येऊ. संत पौलाचे रोमकरांस पत्र इ.स. ५७ च्या सुमारास लिहिले गेले. पौल सांगत होता आणि दुसरा एक जण लिहून घेत होता. सोळाव्या अध्यायात तो लेखनिक मध्येच स्वतःचा सलाम घालतो. त्याचे नाव तेर्तियुस, तिसरा! पुढच्याच ओवीत क्वार्तुस येतो, चौथा, आणि त्याला ‘बंधू’ म्हटले आहे. त्याच अध्यायात फीबी, प्रिस्का, ज्युलिया आहेत आणि जुनियाही आहे, जिने पौलाबरोबर तुरुंगवास सोसला. जगाने आकडा दिलेल्या माणसांना मंडळीने नाव घेऊन सलाम पाठवला.

अशीच संत फेलिसितास. ती कार्थेजची गुलाम स्त्री. तिच्या नावाचा अर्थ सुख, सुदैव. गुलामांना अशी शुभ नावे देण्याची रीत होती, मग त्यांच्या वाट्याला सुख असो वा नसो. ७ मार्च २०३ रोजी ती आणि संत पर्पेतुआ श्रद्धेसाठी रक्तसाक्षी झाल्या. त्याच्या थोडेच आधी तुरुंगात, आठव्या महिन्यात, फेलिसितास प्रसूत झाली. मुलगी झाली. एका ख्रिस्ती भगिनीने ती आपली लेक म्हणून वाढवली. त्या मुलीचे नाव वृत्तांतात नाही. पण हिलारिओनने टाकून द्यायला सांगितलेली ती, आणि पोरकी असून उराशी धरलेली ही, या दोघींमध्ये ख्रिस्ती मंडळी उभी आहे. पहिल्या ख्रिस्तप्रसाद प्रार्थनेत फेलिसितास आणि पर्पेतुआ यांची नावे आजही घेतली जातात.

तर नाव चालेल का? १९१७ च्या धर्मसंहितेप्रमाणे मुलाला ख्रिस्ती नाव मिळेल हे धर्मगुरूंनी पाहायचे होते, आणि आईवडिलांनी ऐकले नाही तर संताचे नाव जोडून दोन्ही नोंदवायची होती. १९८३ च्या संहितेचे कलम ८५५ एवढेच सांगते की ख्रिस्ती भावनेला परके असलेले नाव देऊ नये. तेर्तिया त्यात अडत नाही. जोडीला लुसी किंवा पर्पेतुआ ठेवले तर मुलीला स्वर्गात एक मैत्रीणही मिळेल.

मात्र आईवडिलांनी मनाशी एक गोष्ट नक्की करावी. उद्या मुलगी विचारेल, माझ्या नावाचा अर्थ काय? ‘तिसरी’ असे सांगताना आपला आवाज पडणार असेल, तर हे नाव ठेवू नये. आणि तिला जवळ घेऊन सांगता येणार असेल की, बाळ, आपला प्रभू तिसऱ्या दिवशी उठला, आम्ही वाट पाहिली ती त्या दिवसाची, तर जरूर ठेवावे. मग तो आकडा राहत नाही. दर रविवारी आपण विश्वासांगीकारात जे म्हणतो, त्याची ती आठवण होते.

हे प्रभू, तू आम्हांला नावाने ओळखतोस. आमच्या घरी आलेल्या प्रत्येक लेकीला, पहिली असो की पाचवी, ‘हवीशी’ म्हणून हाक मारण्याची कृपा आम्हांला दे. आमेन.