रहाडीवरून जाणारा रस्ता

रंगपंचमी जवळ आली की जुन्या नाशकात तिवंधा चौकातला रस्ता खणायला घेतात. रोजचे वाटसरू चिडत नाहीत. जो चिडतो तो बाहेरचा, एवढं लगेच कळतं. माती बाजूला होते, खालचे जाडजूड लाकडी ओंडके एकेक करून निघतात, आणि वर्षभर रिक्षा नि हातगाड्या ज्याच्यावरून गेल्या तो रस्ता म्हणजे एका दगडी हौदाचं झाकण होतं हे उघडं पडतं. ही रहाड. पेशवेकाळापासूनची, असं सांगतात. पूजा होते, रंग ओततात, आणि मग माणसं तीत धप्पा मारतात. धप्पा म्हणजे उडी. पण नुसती उडी म्हटलं तर नाशिककर ऐकून घेणार नाही. दिल्ली दरवाजा, शनि चौक, तांबट लेन इथेही अशाच रहाडी आहेत. प्रत्येकीचा रंग ठरलेला, मान ठरलेला. पंचमी सरली की ओंडके पुन्हा बसतात, वर माती पडते आणि वाहतूक सुरू.

एकदा एका इंजिनिअर मित्राला हा सोहळा दाखवायला नेलं. त्यानं आधी विचारलं, "अरे, यावरून भरलेला टेम्पो गेला तर?" म्हटलं, वर्षभर जातोच आहे. मग त्याचा खरा प्रश्न आला : "पण हे डीपीत कुठं दाखवलंय?"

जुन्या शहराबद्दलचं आपलं प्रचलित मत या एका प्रश्नात मावतं. जे डीपीत, म्हणजे शहराच्या विकास आराखड्यात, नाही ते आखलेलं नाही, आणि जे आखलेलं नाही ते बेशिस्त. शास्त्रार्थाची रीत अशी की पूर्वपक्ष त्याच्या सगळ्या बळानिशी मांडावा, म्हणून तो मांडतो. जुनं नाशिक कोणी योजून वसवलं नाही, ते वाकडंतिकडं वाढलं. गल्लीत अग्निशमनाचा बंब शिरत नाही, रुग्णवाहिका वळत नाही. वाड्यांचा काळ संपला, म्हणून ते दर पावसाळ्यात ढासळतात आणि महापालिका दर वर्षी धोकादायक घरांना नोटिसा काढते. २७ ऑगस्ट २००३ रोजी सिंहस्थाच्या गर्दीत सरदार चौकाकडच्या उतारावर चेंगराचेंगरी झाली आणि ३९ भाविक गेले. एवढा पुरावा पुरे नाही का? तेव्हा रस्ते रुंद करा, वाडे एकत्र करून क्लस्टर उभारा, आणि कॉलेज रोड, इंदिरानगर, गंगापूर रोड यांना जी 'प्लॅन्ड' शहराची सुखं मिळाली ती गावठाणालाही द्या. हे मत बिल्डरांचंच आहे असं नाही. गळक्या छपराखाली राहणाऱ्या वाडेकऱ्यांचंही ते आहे, आणि त्यांच्यापुढे वाड्याच्या कोरीव खांबांचं कौतुक करायला जाणं हा उद्धटपणा होईल.

तरीही मत चुकीचं आहे. पहिली चूक 'कोणी आखलं नाही' या शब्दांतच आहे.

गावठाण टेकड्यांवर बसलं आहे. गोदावरीच्या उजव्या तीरावरच्या मातीच्या गढीवर ह. धी. सांकलिया आणि शां. भा. देव यांनी १९५०-५१ मध्ये उत्खनन केलं, तेव्हा दोन हजार वर्षांहून जुन्या वस्तीचे थर निघाले. माणसं इतका काळ एकाच उंचवट्याला धरून राहिली ती नदीचा स्वभाव ओळखून. वर राहायचं, उतारावर बाजार, आणि अगदी खाली घाट, कुंडं, देवळं; म्हणजे पाण्यात गेली तरी ज्यांचं फारसं बिघडत नाही अशा दगडी गोष्टी. पुराचं मोजमापही बांधकामातच आहे. दुतोंड्या मारुतीच्या कुठवर पाणी आलं, सरकारवाड्याच्या कितव्या पायरीला लागलं, नारोशंकर मंदिराच्या घंटेपर्यंत चढलं का, हे आजही नाशिककर एकमेकांना फोनवर विचारतात. १० सप्टेंबर १९६९ चा महापूर जुनी माणसं याच मापात सांगतात. पूरपातळीच्या निळी नि लाल अशा रेषा नकाशावर आल्या त्या २००८ च्या पुरानंतर. सराफ बाजारात आता नदी चढण्याआधीच पाणी तुंबतं, ते सरस्वती नाल्याचं. ओढा झाकून त्याच्यावर बाजार थाटला, तो गल्ल्या आखणाऱ्यांच्या हिशेबातला नव्हता. २००२-०३ च्या सुमारास सिंहस्थाच्या तयारीत रामकुंड परिसरातल्या कुंडांच्या तळाशी काँक्रीट ओतलं गेलं आणि खालचे झरे दबले. ते काढावं म्हणून पुढे लोकांना न्यायालयात जावं लागलं. हे सगळं काम रीतसर नकाशे करून, निविदा काढून झालं होतं.

दुसरी गोष्ट मोकळ्या जागेची. नव्या लेआउटमध्ये हवा-उजेड आहे आणि गल्लीत नाही, हे आपण इतकं गृहीत धरलं आहे की कोणी मोजत नाही. मोजू. वीस बाय तीस मीटरचा प्लॉट घ्या. सहाशे चौरस मीटर. चारही बाजूंना तीन मीटरची मार्जिन सोडा. इमारतीला उरले चौदा बाय चोवीस, म्हणजे तीनशे छत्तीस. बाकीचे दोनशे चौसष्ट चौरस मीटर, जागेचा चव्वेचाळीस टक्के भाग, त्या तीन मीटरच्या पट्ट्यात गेला. त्या पट्ट्यात काय असतं? ड्रेनेजची झाकणं, एसीचे डबे, बंद पडलेली स्कूटर, आणि शेजारच्या इमारतीच्या बाथरूमच्या खिडक्या. तीच जागा एकवटली तर जवळजवळ सोळा बाय सोळा मीटरचा चौक होतो. वाड्यानं नेमकं हेच केलं : भिंतीला भिंत लावली, आणि वाचलेली सगळी मोकळीक मधोमध आणून ठेवली. तिथे तुळस, आड, वाळवणं, पोरांची भांडणं, लग्नाचा मांडव. केंब्रिजमध्ये लेस्ली मार्टिन आणि लायोनेल मार्च यांनी १९६०-७० च्या दशकांत गणितानं दाखवून दिलं की मध्ये चौक ठेवून कडेनं बांधलेली ठेंगणी घरं, सुट्या मनोऱ्यांइतकंच चटईक्षेत्र देऊ शकतात. तिवंध्यातल्या गवंड्याला हे समीकरण मांडायची गरज पडली नाही.

त्यात भर रस्त्याच्या पातळीची. वाड्याचा तळमजला म्हणजे ओटा, देवडी, दुकान. तिथे कोणी ना कोणी बसलेलं असायचं. नव्या इमारतीचा तळमजला गाड्यांचा. माणसं राहायला लागतात पहिल्या मजल्यापासून, आणि रस्त्याशी बोलतो तो फक्त वॉचमन. संध्याकाळी त्या रस्त्यावरून चालणाऱ्या बाईला जे एकटं वाटतं, त्याचं मूळ दिव्यांच्या कमतरतेत शोधायला आपण जातो.

आता वाडे का पडतात ते पाहू. 'काळ संपला' हे कारण फार सोयीचं आहे. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्यानं जुन्या घरांची भाडी १९४० च्या पातळीला बांधली, आणि ती दशकानुदशकं तिथेच राहिली. नवा कायदा २००० साली लागू झाला, त्यानं वर्षाला चार टक्के वाढ दिली. पण चार टक्के कशावर, तर त्या गोठलेल्या रकमेवर. महिन्याच्या भाड्यात एक कौलही बदलता येत नसेल तर मालक छप्पर कशाला शाकारेल? आणि वाडा हा छपराच्या जिवावर जगतो. पांढऱ्या मातीची भिंत शंभर उन्हाळे सहज काढते, पण एक कौल सरकलं की पाणी तुळईच्या डोक्यात शिरतं, सागाचं टोक कुजतं, माती फुगते, आणि एका आषाढात भिंत बसते. पेपरात बातमी येते : जीर्ण वाडा कोसळला. वाड्याला मारलं अर्थशास्त्रानं, आणि पंचनाम्यात नाव लिहिलं जातं वास्तुशास्त्राचं.

नियमानं बांधलेल्या नव्या नाशकाची शिस्तही एकदा बघावी. इथे काही वर्षांपूर्वी एक शब्द घरोघर झाला होता : कपाटकोंडी. नकाशात खोलीला लागून कपाट दाखवायचं, ते चटईक्षेत्रात धरायचं नाही, आणि बांधताना मधली भिंत गायब करून कपाट खोलीत घ्यायचं. महापालिकेनं पूर्णत्वाचे दाखले रोखले आणि असंख्य इमारती अडकल्या. हजारो कुटुंबांनी कर्ज काढून घेतलेली घरं कागदोपत्री अपुरी ठरली. मग सुटकेची एक वाट निघाली ती अशी की सहा नि साडेसात मीटरचे रस्ते नऊ मीटरचे दाखवावेत, म्हणजे जास्त चटईक्षेत्र मिळेल आणि कपाट त्यात बसेल. रस्ता कोणासाठी रुंद झाला? कपाटासाठी. हे मला कुठल्याही विनोदी लेखकानं सांगितलं असतं तर मी अतिशयोक्ती म्हणून सोडून दिलं असतं.

राहिली २००३ ची चेंगराचेंगरी, पूर्वपक्षाचा सर्वांत जड मुद्दा. उतार होता, जागा अरुंद होती, आणि मिरवणुकीसाठी गर्दी अडवून धरलेली होती, हे खरं. पण गल्ली हे एकमेव कारण असतं तर ३ फेब्रुवारी १९५४ ला प्रयागच्या कुंभात शेकडो माणसं मेली नसती, आणि २९ जानेवारी २०२५ ला तिथेच संगमावर पुन्हा बळी गेले नसते. तिथे गल्ली कुठली, वाळूचं मोकळं मैदान. घात होतो तो अफाट गर्दी एकाच वेळी एकाच टोकाला ओढली गेल्यामुळे. नाशकानं २०१५ मध्ये जे शिकून दाखवलं ते नेमकं हेच : मिरवणुकीचा मार्ग बदलला, दूरदूर नवे घाट बांधून गर्दी विखुरली, आणि मोठी दुर्घटना झाली नाही.

बंबाचा मुद्दा मात्र मी मान्य करतो. आग लागली की गल्लीचं सौंदर्य कामाला येत नाही. त्यावर उपाय हवाच : लहान गाड्या, गल्लीच्या तोंडाशी पाण्याचे जोड, आणि जिथे खरोखर अडतं तिथलं एखादं पडकं घर काढणं. पॅट्रिक गेडिस हेच सांगत होते. हे स्कॉटिश नगररचनाकार १९१४ मध्ये हिंदुस्थानात आले आणि पुढची काही वर्षं इथल्या गावांच्या गल्ल्या स्वतः तुडवत त्यांनी अहवाल लिहिले. इंग्रज इंजिनिअर पट्टी ठेवून गावातून सरळ रस्ता काढत, तेव्हा गेडिस म्हणत की आधी प्रत्येक घर पाहा, पडीक असेल तेवढंच काढा, तिथे लहानसा चौक करा, झाड लावा. खर्चही कितीतरी कमी येतो, हे ते आकडे मांडून दाखवत. शरीर राखून केलेली शस्त्रक्रिया. आपलं रुंदीकरण याच्या उलट चालतं. दोन्हीकडून दीड-दोन मीटर कापलं की पहिला जातो ओटा, मग दर्शनी खण. आणि लाकडी सांगाड्याचा एक खण तोडला की उरलेले हलायला लागतात. मोकळ्या झालेल्या पट्ट्यात दुसऱ्या दिवशी गाड्या उभ्या राहतात.

इथवर आल्यावर माझ्याच बाजूच्या लोकांशी भांडणं भाग आहे. गोदाघाट सर्वांचा, चौक सर्वांचा, असं म्हणताना जुन्या शहराचे भक्त एक तारीख विसरतात : २ मार्च १९३०. त्या दिवशी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला, दादासाहेब गायकवाड त्याच्या आघाडीवर होते, आणि मंदिराचे चारही दरवाजे बंद करून घेण्यात आले. सत्याग्रही त्या दरवाजांपाशी बसले. तो लढा काही वर्षं चालला. भिंत, दिंडी, उंबरा, पाणवठा ही जुन्या नगररचनेची जी अवजारं मी वर कौतुकानं मोजली, तीच माणसाला बाहेर ठेवण्यासाठी तितक्याच कौशल्यानं वापरली गेली. लेआउटच्या रस्त्याला जात विचारता येत नाही, हा नव्या नाशकाचा मोठा गुण आहे. सोसायटीच्या मीटिंगमध्ये ती विचारली जाते, तो भाग निराळा. म्हणून जुनं तसंच्या तसं परत आणा, असं मी म्हणत नाही.

मग काय म्हणतो? त्यासाठी सिडकोत जावं लागेल. १९७० मध्ये स्थापन झालेल्या सिडकोनं त्याच दशकात सातपूर-अंबडच्या कामगारांसाठी इथे घरं बांधायला घेतली : एक-दोन खोल्या, भिंतीला भिंत, समोर अरुंद गल्ली. ही वसाहत पूर्णपणे आखलेली, आणि तरी आज तिलाही 'दाटीवाटीची' म्हणतात. लोकांनी खोल्या वाढवल्या, मजले चढवले, पुढे ओटा काढला, ओट्यावर किराणा किंवा पिठाची गिरणी थाटली. काही ठिकाणी हे वाढणं अती झालं, उजेड गेला, जिने गल्लीत उतरले. नियमात त्यातलं बरंच बसत नाही. पण पवननगरला किंवा त्रिमूर्ती चौकात संध्याकाळी सातला उभं राहा आणि त्याच वेळी गंगापूर रोडच्या एखाद्या आतल्या, रुंद, झाडं लावलेल्या रस्त्यावर. एकीकडे ओट्यावर कोथिंबीर निवडणाऱ्या बाया नि मधोमध क्रिकेट, दुसरीकडे कुत्र्याला फिरवणारा एक माणूस. सिडकोत वाड्याचा एकही कोरीव खांब नाही आणि कुठल्या मंदिराचा बंद दरवाजाही नाही. तिथे टिकलं ते एकच माप : दारापासून रस्त्यापर्यंतची जागा घरातल्या माणसाच्या हातात आहे.

जुन्या शहरात राखायचं ते हे माप. वाड्याचा दर्शनी भाग ठेवून मागे सात मजले चढवणारे वारसाप्रेमीही, माझ्या मते, चुकीची गोष्ट वाचवत आहेत.

मित्राला हे सगळं पटलं नाही. तो अजून क्लस्टरच्या बाजूचा आहे, आणि वाडेकऱ्यांना पक्कं छप्पर कोण देणार या त्याच्या प्रश्नाला माझ्याकडे भाडेकायदा बदला नि दुरुस्तीला पैसा द्या याहून जवळचं उत्तर नाही. परवा चहा पिताना त्यानं कागदावर तिवंध्याचं रेखाटन केलं, दोन टॉवर, मध्ये रस्ता. मी विचारलं, रहाड कुठं गेली? त्यानं पेन फिरवत जागा शोधली. "पार्किंगच्या रॅम्पखाली येतेय बघ." मग पेन तिथेच थांबलं.

"ते ओंडके किती जाड असतात रे?"