लॅटिन गौणवाक्य

लॅटिन व्याकरणात गौणवाक्य म्हणजे स्वतःचे उद्देश्य आणि विधेय असलेले, परंतु अर्थपूर्तीसाठी मुख्य वाक्यावर अवलंबून राहणारे वाक्य होय. मराठी शालेय व्याकरणाप्रमाणे त्याचेही नामवाक्य, विशेषणवाक्य आणि क्रियाविशेषणवाक्य असे तीन प्रकार करता येतात. मात्र लॅटिन मजकूर उलगडताना ही विभागणी पुरेशी पडत नाही. तेथे गौणवाक्याचा अर्थ दोन गोष्टींच्या जोडीने ठरतो : आरंभीचे अव्यय किंवा सर्वनाम कोणते आहे, आणि क्रियापद स्वार्थात आहे की संभाव्यार्थात. मराठीत विध्यर्थ, आज्ञार्थ आणि संकेतार्थ यांच्यात वाटली गेलेली पुष्कळशी कामे लॅटिनचा संभाव्यार्थ एकटा करतो.

या लेखातील उदाहरणे भंडारा जिल्ह्यातील वैनगंगा, तलाव आणि धानशेती यांच्या संदर्भाने रचली आहेत; विषय परिचित असला की लक्ष रचनेवर राहते. लॅटिन शब्द अभिजात उच्चाराला अनुसरून देवनागरीत दिले असून स्वरांचे ऱ्हस्वदीर्घत्व त्यात स्थूलमानानेच दाखवता येते.

संबंधी गौणवाक्य

मराठी वाचकाला सर्वांत जवळचा वाटणारा प्रकार हा आहे. 'क्वी लबोरात, इस फेलिक्स एस्त' याचे शब्दशः मराठी 'जो कष्ट करतो, तो सुखी आहे' असे होते. 'क्वी' आणि 'इस' ही जोडी 'जो-तो' सारखीच चालते. इंग्रजीतून लॅटिन शिकणाऱ्याला मुद्दाम शिकावी लागणारी ही रचना मराठी भाषकाला मायबोलीतूनच मिळालेली असते.

संबंधी सर्वनामाचे लिंग आणि वचन ज्या नामाचा ते उल्लेख करते त्यावरून ठरते, पण विभक्ती ठरते ती गौणवाक्यातील त्याच्या स्वतःच्या कामावरून. नियम क्लिष्ट वाटला, तरी मराठीत तो रोज पाळला जातो. 'ज्या शेतकऱ्याला तलावाचे पाणी मिळाले, तो रोवणीला लागला' या वाक्यात 'ज्या शेतकऱ्याला' चतुर्थीत आणि 'तो' प्रथमेत आहे. लॅटिनमध्ये 'अग्रिकोला, कुइ अक्वा दाता एस्त, लबोरात' म्हणजे 'ज्याला पाणी दिले गेले आहे, तो शेतकरी काम करतो'. येथे 'कुइ' चतुर्थीत आहे, पण पुल्लिंगी एकवचनी आहे, कारण 'अग्रिकोला' हे नाम, अंती 'आ' असला तरी, पुल्लिंगी आहे.

परोक्ष कथन

'मुलगा म्हणतो की बाबा येत आहेत' हे लॅटिनमध्ये 'पुएर दीकित पात्रेम वेनीरे' असे होते. येथे 'की' नाही आणि काळ-पुरुषाने बांधलेले क्रियापदही नाही. 'पात्रेम' हे द्वितीयेत आणि 'वेनीरे' हे धातूचे 'येणे' या अर्थाचे रूप आहे. म्हणणे, जाणणे, ऐकणे, वाटणे अशा अर्थांच्या क्रियापदांनंतर अभिजात लॅटिनमध्ये ही रचना नेहमीची आहे. काटेकोरपणे पाहता ते वाक्य नव्हे, पण काम नामवाक्याचे करते.

मुख्य क्रियापद भूतकाळी केले ('दीक्सित'), तरी 'वेनीरे' बदलत नाही; येणे हे म्हणण्याच्या वेळी चालू होते एवढेच ते सांगते. मराठीतही 'मुलगा म्हणाला की बाबा येत आहेत' असेच म्हटले जाते. इंग्रजीच्या सवयीने 'येत होते' असे भाषांतर केल्यास अर्थ ढळू शकतो.

याच रचनेत निजवाचक सर्वनामाला फार महत्त्व आहे. 'दीकित से वेन्तूरुम एस्से' म्हणजे बोलणारा स्वतः येणार आहे; 'दीकित एउम वेन्तूरुम एस्से' म्हणजे दुसराच कोणी येणार आहे. मराठीत 'तो म्हणतो की तो येणार आहे' हे वाक्य संदिग्ध राहते, पण 'आपण येणार आहोत, असे तो म्हणतो' हे तसे राहत नाही. 'से' चा हा उपयोग समजण्यास प्रौढ मराठीतील 'आपण' चांगला उपयोगी पडतो.

अप्रत्यक्ष प्रश्न आणि काळानुक्रम

प्रश्न गौण झाला की त्यातील क्रियापद संभाव्यार्थात जाते. 'रोगात उबि फ्लूमेन सित' म्हणजे 'नदी कुठे आहे असे तो विचारतो'. मुख्य क्रियापद भूतकाळी झाले की 'रोगावित उबि फ्लूमेन एस्सेत' असा गौणवाक्याचाही काळ बदलतो. या नियमाला काळानुक्रम म्हणतात. मराठीची सवय येथे उपयोगी पडत नाही : 'नदी कुठे आहे असे त्याने विचारले' यात 'आहे' जागचा हलत नाही. लॅटिन लिहिताना मराठी विद्यार्थ्याने काळजी घ्यावी ती याच ठिकाणी.

'उत' आणि 'ने'

'वेनिउन्त उत फ्लूमेन विदेआन्त' म्हणजे 'नदी पाहावी म्हणून ते येतात'. हे उद्देशवाचक गौणवाक्य आहे. त्याचा नकार 'ने' ने होतो. 'फ्लूमेन ताम आल्तुम एस्त उत नेमो त्रान्सेआत' म्हणजे 'नदी इतकी खोल आहे की कोणीही ती ओलांडत नाही'. हे परिणामवाचक असून त्याची खूण मुख्य वाक्यातील 'ताम' म्हणजे 'इतकी' हा शब्द आहे. दोन्हीकडे 'उत' आणि संभाव्यार्थ असल्याने ही खूण आधी शोधावी. परिणामाचा नकार 'ने' ने होत नाही. तेथे 'नोन' किंवा 'नेमो' असे शब्द येतात. याच 'उत' बरोबर क्रियापद स्वार्थात आले, तर त्याचा अर्थ 'जसे' किंवा 'जेव्हा' असा होतो.

भीतीवाचक क्रियापदांनंतर अर्थ उलटा भासतो. 'तिमेओ ने प्लुआत' म्हणजे 'पाऊस पडेल अशी मला भीती वाटते', आणि 'तिमेओ उत प्लुआत' म्हणजे 'पाऊस पडणार नाही अशी भीती वाटते'. कापणी होऊन धान शेतात पडले असता शेतकरी पहिले वाक्य म्हणेल आणि पऱ्हे वाळू लागले असता दुसरे. 'भीती वाटते, पाऊस न पडो' अशी दोन सुटी वाक्ये मनात धरली, तर 'ने' चा उलगडा होतो.

'कुम' आणि 'क्वोद'

'कुम प्लुएरेत, अग्रिकोलाय इन आग्रिस एरान्त' या वाक्याची तीन मराठी भाषांतरे संभवतात : पाऊस पडत असताना, पडत असल्यामुळे, किंवा पडत असूनही शेतकरी शेतांत होते. 'तामेन' म्हणजे 'तरी' हा शब्द मुख्य वाक्यात असल्यास तिसरा अर्थ निश्चित होतो. एरवी संदर्भच निर्णय देतो. लॅटिन येथे मोघम राहू शकते. मराठीला मात्र प्रत्यय निवडावाच लागतो, आणि तो निवडताना भाषांतरकार स्वतःचे मत देत असतो.

कारणवाचक 'क्वोद' मधील भेद अधिक सूक्ष्म आणि अधिक महत्त्वाचा आहे. 'अग्रिकोलाय क्वेरुन्तुर क्वोद अक्वा नोन दाता एस्त' म्हणजे पाणी दिले गेले नाही म्हणून शेतकरी तक्रार करतात. पाणी दिले गेले नाही ही गोष्ट येथे लेखक स्वतःच्या जबाबदारीवर सांगतो. 'एस्त' च्या जागी 'सित' हे संभाव्यार्थी रूप आले की जबाबदारी शेतकऱ्यांकडे जाते : पाणी दिले गेले नाही, असे त्यांचे म्हणणे आहे. मराठीत हे काम 'म्हणे' हा छोटा शब्द करतो. इतिहासग्रंथ वाचताना हा फरक नजरेतून सुटला, तर एका पक्षाचा आरोप इतिहासकाराची साक्ष म्हणून स्वीकारला जातो.

संकेत आणि संक्षेप

संकेतवाचक 'सी' हा 'जर' च्या जागी येतो. घडून न गेलेल्या गोष्टीसाठी दोन्ही वाक्यांत संभाव्यार्थाचा पूर्णभूतकाळ येतो : 'सी प्लुइस्सेत, लबोराविस्सेमुस', म्हणजे 'पाऊस पडला असता, तर आम्ही काम केले असते'. वर्तमानातील अशक्य अटीसाठी लॅटिनमध्ये संभाव्यार्थाचा अपूर्णभूतकाळ वापरतात.

गौणवाक्याऐवजी लॅटिन पुष्कळदा नाम आणि धातुसाधित पंचमीत ठेवून काम भागवते. 'अक्वा दाता, अग्रिकोलाय लबोरान्त' म्हणजे 'पाणी दिले गेल्यावर शेतकरी काम करतात'. संस्कृत जाणणाऱ्यांना ही रचना सतिसप्तमीची बहीण वाटेल. विभक्ती तेवढी वेगळी आहे.

मराठी व्याकरणाशी संबंध

लॅटिन व्याकरणाची परंपरा या प्रदेशात प्रथम गोव्यातून आली. 1579 मध्ये गोव्यास पोहोचलेले आणि मराठी 'क्रिस्तपुराण' रचणारे इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यांनी कोकणीचे व्याकरण पोर्तुगीज भाषेत लिहिले. ते त्यांच्या मृत्यूनंतर 1640 मध्ये साष्टीतील राशोल येथे छापले गेले. त्याची मांडणी लॅटिन व्याकरणाच्या साच्यातील आहे. पुढे विल्यम केरी यांचे मराठी व्याकरण 1805 मध्ये आणि दादोबा पांडुरंग यांचे 'महाराष्ट्र भाषेचे व्याकरण' 1836 मध्ये प्रसिद्ध झाले. दादोबांसमोर इंग्रजी व्याकरणाचा नमुना होता, आणि इंग्रजी व्याकरणे स्वतः लॅटिनच्या वळणावर उभी होती. मोरो केशव दामले यांनी 1911 च्या 'शास्त्रीय मराठी व्याकरण' या ग्रंथात संस्कृत व पाश्चात्त्य या दोन्ही परंपरांचा परामर्श घेतला.

मुख्य आणि गौण वाक्यांचे शालेय पृथक्करण मराठीत आले ते या पाश्चात्त्य वाटेने. म्हणून मराठीच्या काही रचना त्यात सहज बसत नाहीत. 'पाऊस थांबल्यावर आम्ही पऱ्हे काढले' हे शालेय नियमाने केवल वाक्य, आणि 'जेव्हा पाऊस थांबला, तेव्हा आम्ही पऱ्हे काढले' हे मिश्र वाक्य ठरते. बोलण्यात मात्र पहिलेच अधिक ऐकू येते. 'म्हणून' हा शब्दही 'उत' प्रमाणे अनेक घरी नांदतो : उद्देशबोधकांत त्याची गणना होते, स्वरूपबोधकांत होते, आणि 'तलाव भरला म्हणून रोवणी झाली' अशा वाक्यात तो परिणाम दाखवतो.