लिमोनेची काचेआडची लिंबं

श्रीगोंद्याच्या आमच्या मळ्यात लिंबाच्या झाडाला कधी पांघरूण घालावं लागलं नाही. वडिलांच्या काळज्या वेगळ्या होत्या. हस्त बहार धरायचा तर पाऊस वेळेवर उघडून झाडाला ताण बसेल का, आणि खोडाला डिंक्या रोग तर लागला नाही ना. सकाळी मळ्यात गेले की ते आधी खोडाशी वाकायचे आणि साल नखानं दाबून बघायचे. म्हणूनच, इटलीत आल्प्सच्या पायथ्याशी गार्डा नावाचं सरोवर आहे आणि तिथं लिंबाची झाडं हिवाळाभर लाकूड-काचेच्या घरात ठेवत, हे वाचलं तेव्हापासून मला ते एकदा डोळ्यांनी बघायचं होतं.

मेमध्ये म्युनिकला भाचीकडे गेले तेव्हा तो योग आला. तिकडचे लोक सुट्टी लागली की गाडीवर सायकली बांधून ब्रेनरच्या खिंडीतून गार्डाकाठी उतरतात. आम्हीही उतरलो. भाची आणि तिच्या मैत्रिणी सरोवराच्या उत्तर टोकाला, तोर्बोलेला, शिडाच्या फळ्या घेऊन पाण्यात गेल्या. पोनालेचा घाटरस्ता १८५१ साली खुला झालेला, आता तो फक्त पायी आणि सायकलनं जाणाऱ्यांसाठी राखलाय, तिथंही त्या चढून आल्या. मी शेजारच्या रीवा गावाच्या धक्क्यावरून बोट धरली आणि लिंबाची ती घरं बघायला पश्चिम काठावरच्या लिमोने गावाला निघाले.

लिमोनेला पाण्यावरूनच जावं. १९३१ साली पश्चिम काठाचा रस्ता डोंगर फोडून, सत्तरहून जास्त बोगदे काढून पुरा झाला. तोवर या गावाला गाडीरस्ताच नव्हता. एक तर होडी, नाही तर डोंगरातली पाऊलवाट. आणि होडी म्हणजे वाऱ्याची मर्जी. पहाटेपासून उत्तरेकडून पेलेर वाहतो, दुपारनंतर दक्षिणेकडून ओरा सुटतो. आज या दोन वाऱ्यांसाठी जगभरची मुलं शिडं घेऊन येतात. पूर्वी याच वाऱ्यांच्या वेळा पाहून लिंबाच्या होड्या सुटत.

शाकुंतलावर लुब्ध झालेला कवी गटे आपल्याला माहीत आहे. तो १३ सप्टेंबर १७८६ रोजी पहाटे तीनला तोर्बोलेहून दोन नावाडी घेऊन निघाला आणि लिमोनेवरून गेला. डोंगरउतारावर ओळीनं उभे असलेले पांढरे चौकोनी खांब त्यानं पाहिले आणि थंडीत त्यांवर झाकण घालून झाडं जपतात हे लिहून ठेवलं. पुढं वारा फिरला, नाव माल्चेसिने गावाला लावावी लागली, आणि तिथल्या किल्ल्याचं चित्र काढताना त्याला हेर समजून लोकांनी घेरलं. प्रवासी ती किल्ल्याची गोष्ट चवीनं सांगतात. मला त्याची खांबांची नोंद जास्त मोलाची वाटते.

आजही बोटीतून सगळ्यात आधी ते खांबच दिसतात. लांबून वाटतं, एखाद्या देवळाचा सभामंडप छप्पर उडून उभा आहे. गावातली कास्तेलची बाग नगरपालिकेनं विकत घेऊन दुरुस्त केली आहे. तिथं गेल्यावर त्या खांबांचं काम कळतं. डोंगर कापून एकावर एक ताली रचलेल्या. मुळात कडाच, माती कुठली असणार? ती दक्षिणेकडच्या सपाट काठावरून होड्यांनी आणून भरलेली. मागं आणि दोन्ही बाजूंना दगडी भिंती, तळ्याकडची दक्षिण बाजू उघडी. दोन मजली घराइतके उंच खांब, त्यांवर तुळया, आणि मागच्या भिंतीत तुळयांची टोकं घुसवलेली. ओढ्याचं पाणी पाटानं प्रत्येक तालीवर खेळवलेलं. बाग किती मोठी हे एकरात सांगत नसत. चार खांबांमधल्या जागेला 'काम्पो' म्हणत आणि असे किती काम्पो यावर बागेची किंमत ठरे.

नोव्हेंबर आला की खांबांवर फळ्यांचं छप्पर चढे, पुढून फळ्या आणि काचेच्या खिडक्या लागत, आणि फटींत सुकं गवत कोंबत. मार्चमध्ये सगळं परत उतरवायचं. दर वर्षी. आत पाण्याचं भांडं ठेवलेलं असे, तेच त्यांचं थंडी मोजायचं यंत्र. पाण्यावर बर्फाची पापडी धरली की रात्री उठून आत शेकोट्या पेटवायच्या. बाकीची राखण सरोवर करी. ३४६ मीटर खोल पाणी उन्हाळ्याची ऊब धरून बसतं आणि उत्तरेचा डोंगर वारा अडवतो. तरीही ४६ अक्षांशाजवळ धंद्यासाठी लिंबू पिकवायचं म्हणजे काय हे, ज्याने आयुष्यात एकदा तरी बाग धरली आहे, त्यालाच समजेल. मी त्या तालीवर बराच वेळ उभी होते. वडील आठवत होते.

गावाचं नाव मात्र लिंबावरून पडलेलं नाही. अभ्यासक ते 'लिमेस' म्हणजे सीमा या लॅटिन शब्दाशी जोडतात. फळाचं इटालियन नाव अरबी-फारसीतून गेलं, ते आपल्या लिंबाचंच सोयरं. आपल्याकडचं महाळुंग आणि कडू नारिंग यांच्या संकरातून हे फळ झालं आणि त्या कुळाची मुळं हिमालयाच्या पायथ्याकडची. तिकडचं लिंबू जाड सालीचं, आपल्या ईडलिंबाच्या जवळचं. सांगतात की तेराव्या शतकात फ्रान्सिस्कन साधूंनी याच काठावरच्या गार्न्यानो गावात पहिली झाडं लावली. व्हेनिसच्या राज्यात बागा वाढल्या. माल जर्मनी, पोलंड, रशियापर्यंत जाई. १८४० साली गार्न्यानोच्या बागायतदारांनी एकत्र येऊन विक्रीची संस्था काढली. दलालाच्या हाती भाव सोपवायचा नाही, हे त्यांनी इतक्या आधी ओळखलं.

आणि मग, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर, बागांत डिंक्या शिरला.

तिथल्या फलकावर खोडातून डिंक गळण्याच्या रोगाचं वर्णन वाचलं आणि भाचीनं इटालियनचा अर्थ सांगण्याआधीच मी म्हणाले, हा आपलाच डिंक्या. बागाच्या बागा वाळल्या. कडू नारिंगाच्या खुंटावर कलमं बांधून काहींनी पुन्हा उभं केलं, पण १८६१ नंतर एक झालेल्या इटलीत सिसिलीचं लिंबू रेल्वेनं उत्तरेला येऊ लागलं. त्याला ना फळी लागे ना काच. भावात गार्डा टिकणार कसा? इंग्रज लेखक डी. एच. लॉरेन्स १९१२-१३ च्या हिवाळ्यात गार्न्यानोला राहिला आणि या बागांवर त्यानं एक प्रकरण लिहिलं, तेव्हाच पुष्कळ बागा ओस पडल्या होत्या. पहिल्या महायुद्धात ऑस्ट्रियाची हद्द लिमोनेच्या उत्तरेला लागूनच होती. फळ्या आणि काचा लष्कराच्या कामी गेल्या. १९२८-२९ च्या कडक हिवाळ्यानं उरलंसुरलं संपवलं, आणि दोनच वर्षांत तो रस्ता आला. लिंबू बाहेर न्यायला रस्ता हवा होता तेव्हा तो नव्हता. रस्त्यानं आले ते पाहुणे. बागांच्या ताली बऱ्याच ठिकाणी हॉटेलांखाली गेल्या.

मला पाहुण्यांचा राग नाही. गाव त्यांच्यावर जगतं, मीही त्यांतलीच. २०१८ साली कड्याला टांगलेला सायकलमार्ग सुरू झाला, तिथून दिसणारं पाणी मी विसरणार नाही. पण त्या मार्गावर गर्दी होती आणि कास्तेलच्या बागेत आम्ही सहा माणसं होतो, याचं वाईट वाटलं.

नगर-सोलापूरकडच्या लिंबूवाल्यांची मुलं आता युरोपात ठिकठिकाणी नोकरीला आहेत. त्यांना एवढंच सांगणं: गार्डाला गेलात तर सायकल अर्धा तास बाजूला लावा, कास्तेलच्या पायऱ्या चढा, आणि झाडावरची लिंबं बघून झाली की घरी बघतो तसं खोडाशी वाकून बघा.