नानकटाईची परात आणि दुसऱ्याची भट्टी

लढाया आणि किल्ल्यांना आज सुट्टी. दिवाळी तोंडावर आली आहे आणि विषय आहे नानकटाई. हसू नका. या नानकटाईच्या मागे एक सामाजिक लढाई आहे, आणि ती कुणी भाषण न करता जिंकली.

सुरुवात पुण्यापासून करू. ऑक्टोबर 1890. पंचहौद मिशनच्या शाळेत एक सभा झाली. आमंत्रणं गोपाळराव जोशी यांनी जमवली होती, म्हणजे डॉ. आनंदीबाईंचे यजमान. सभेनंतर चहा-बिस्किटं आली. हजर मंडळींत न्यायमूर्ती रानडे होते, टिळक होते, गोखले होते. काहींनी चहा घेतला, काहींनी मिशनच्या बायकांचा मान राखायला कप नुसता हातात धरला. पुढे 'पुणे वैभव'मध्ये नावांची यादी छापून आली आणि ग्रामण्य उभं राहिलं. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, चौकशी बसली. टिळकांनी आपण काशीत प्रायश्चित्त घेतल्याचं सांगितलं, रानड्यांनी 1892 मध्ये घेतलं. रमाबाई रानड्यांच्या आठवणींत या दिवसांचा मनस्ताप वाचायला मिळतो. आज आपण गंमत म्हणून सांगतो, पण वाळीत पडलेल्या घरात श्राद्धाला ब्राह्मण मिळत नसे, मुलीचं लग्न अडत असे.

आक्षेप चहा-बिस्किटांच्या चवीला नव्हता. ती कुणाच्या हातची, हा प्रश्न होता. भट्टी ख्रिश्चनाची किंवा मुसलमानाची, पावात ताडी घालतात असा समज, म्हणून बेकरीचा जिन्नस सोवळ्याच्या घरात येत नसे. हा बाजार ओळखून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला दिल्लीत 'हिंदू बिस्किट' याच नावाची कंपनी निघाली होती.

आता तिथून थेट आमच्या लहानपणात या. साल 1970 च्या आसपास, गाव जबलपूर. दिवाळीच्या आधी मराठी घरांतल्या बायका परातभर नानकटाईचं पीठ फडक्याखाली झाकून बेकरीत पाठवत. बेकरीवाले चाचा मुसलमान. पत्रे भट्टीत जात, भाजून येत, आणि तीच नानकटाई लक्ष्मीपूजनाच्या फराळात बसे. ऐंशी वर्षांत हे कसं घडलं?

माझं उत्तर साधं आहे. घरी भट्टी नव्हती, आणि पीठ आपलं होतं. मैदा आपला, तूप आपलं, साखर आपली, मळणारे हात आपले. दुसऱ्याचा फक्त विस्तव. विस्तवाला विटाळ नाही, ही पळवाट आजीच्या पिढीला पुरेशी होती. आईच्या पिढीला पळवाटेची गरजच उरली नव्हती. तिथे चाचांना विचारूनच सोड्याचं माप ठरत असे.

नावातही हाच प्रवास आहे. 'नान' म्हणजे फारसीत रोटी. 'खताई'चा संबंध काही जण चीनच्या जुन्या 'खता' या नावाशी लावतात, काही जण सहा जिनसांशी. सुरतेत अशी कथा सांगतात की डचांची बेकरी दोटीवाला या पारशी कुटुंबाकडे आली, डच गिऱ्हाईक गेलं, आणि वाळवलेल्या पावापासून सुरू होऊन गाडी नानकटाईपर्यंत पोचली. आमच्याकडे महाकोशलात ती आणली छावणीने आणि रेल्वेने. गोऱ्या पलटणीला रोज पाव लागतो, म्हणून छावणी आली की बेकरी आलीच. फौजेत मी हे अनेक गावी पाहिलं: सदर बाजारातली जुनी बेकरी बहुधा पलटणीच्याच आश्रयाने वाढलेली असते. जबलपूरहून मुंबईपर्यंतचा लोहमार्ग 1870 मध्ये जोडला गेला, 1904 मध्ये गन कॅरेज फॅक्टरी सुरू झाली, आणि त्यासोबत कारकून, मास्तर, ओव्हरसियर अशी मराठी घरं येत राहिली. भोसल्यांच्या काळातली काही आधीच होती. नागपूर तेव्हा या प्रांताची राजधानी होतं. 1956 च्या नोव्हेंबरात नागपूर मुंबई राज्यात गेलं, आम्ही मध्य प्रदेशात राहिलो. म्हणून इथल्या मराठी घराला फराळाचं ताट हे शेजाऱ्याशी बोलण्याचं साधन झालं. होळीला गुजिया यायची, ईदला शेवया, नाताळला केक. आपल्याकडून काय जाणार? चकली जायची, पण नानकटाई सर्वांना आवडे आणि टिकेही. गोव्यात ख्रिश्चन घरं नाताळात बोलिन्यांबरोबर नेवऱ्या वाटतात, आणि नेवरी म्हणजे आपली करंजीच.

आता घाणा कसा घालायचा तेही सांगतो, कारण इतिहास हातातही असतो. तूप परातीत तळव्याने फेसायचं, पांढरं आणि हलकं होईपर्यंत. मग पिठीसाखर, मग मैदा, थोडा रवा, थोडं बेसन, वेलदोडा-जायफळ. तूप मैद्याच्या निम्म्याहून जास्त. पुष्कळ घरांत तुपाच्या जागी डालडा असे. तो 1937 पासून बाजारात आहे, आणि त्याचा पिवळा डबा पुढची वीस वर्षं नानकटाई ठेवायला उपयोगी पडे. साखर रेशनवर. सणाची जादा साखर मिळे तेवढ्यात भागत नसे, म्हणून श्रावणापासून चहात कपात. वर चारोळी, आणि ती आमच्याच जंगलातली. गव्हाचंही तसंच. आमचं पाटन (साताऱ्याचं पाटण नव्हे) हवेलीच्या काळ्या जमिनीत आहे. इथे पावसाळाभर बांध घालून शेतात पाणी कोंडत, ऑक्टोबरात सोडून देत आणि गहू पेरत. आज याच पट्ट्यातला मटार दूरवर जातो.

भट्टीचं गणित वेगळं. विटांच्या घुमटात लाकूड जाळून निखारे बाजूला ओढायचे. पहिल्या कडक धगीत पाव. मग खारी, टोस्ट. नानकटाई सर्वांत शेवटी, उतरत्या धगीवर. आधी घातली तर वरून करपते, आत कच्ची. त्यामुळे आपला नंबर रात्री लागे आणि मुलं ओट्यावर पेंगत बसत. पत्रे अदलाबदल होऊ नयेत म्हणून प्रत्येक घराची खूण असे. आमची खूण: कोपऱ्यातल्या नानकटाईवर तीन चारोळ्या.

आई पोस्टाने मला सीमेवर डबा पाठवी. पोचेपर्यंत भुगा झालेला असायचा. बंकरमध्ये पाच जण तो चमच्याने खात असू, त्यात एक शीख, एक मल्याळी ख्रिश्चन.

या भट्ट्या आता जात आहेत. 2025 च्या सुरुवातीला मुंबई उच्च न्यायालयाने शहरातल्या लाकूड-कोळशाच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनावर जायला सांगितलं. धुराचा त्रास खरा आहे, माझी त्याबद्दल तक्रार नाही. पण घरगुती ओव्हनमध्ये एका वेळी सोळा नानकटाया मावतात. पाच किलो पिठाच्या दोनशे होतात. तेरा फेऱ्या, वीस-वीस मिनिटं: चार तासांहून जास्त. म्हणून लोक अर्धा किलोच करतात, आणि अर्धा किलो घरातच संपतो. शेजाऱ्याचा वाटा उरत नाही.

पाटनमधल्या एका बेकरीवाल्याशी मी बोललो आहे. त्याची भट्टी गॅसची आहे. वसुबारसेच्या रात्री पाव निघाल्यावर दोन तास तो आपले पत्रे घेईल, भाजणावळ किलोवर. ज्यांना यायचं आहे त्यांनी पीठ घरी मळून आणावं, आणि पत्र्यावर आपली खूण करून आणावी. तीन चारोळ्या आमच्या आहेत.