नेटबुकवरचं लिनक्स कुणी काढलं, आणि का?

"अमुक वस्तू का टिकली नाही?" हा इतिहासातला फसवा प्रश्न आहे. त्याचं उत्तर पटकन मिळतं, आणि पटकन मिळालेलं उत्तर बहुतेक वेळा जिंकणाऱ्याच्या सोयीचं असतं. आज आपण छोट्या नेटबुकचं उदाहरण घेऊ. २००७ नंतरची दोन-तीन वर्षं ही यंत्रं लिनक्स घालून विकली गेली, आणि अनेकांनी ते काढून दुसरंच काही टाकलं. कारण विचारा, एकच वाक्य ऐकू येतं: "लिनक्स अवघड होतं, लोकांना जमलं नाही." संशोधनाच्या तयारीसाठी हे वाक्य तपासून बघणं चांगला सराव आहे.

आधी यंत्र समजून घ्या. असूसचं ई-पीसी ७०१ ऑक्टोबर २००७ मध्ये बाजारात आलं. ७ इंची पडदा, ८०० बाय ४८० पिक्सेल, ५१२ एमबी रॅम आणि हार्ड डिस्कच्या जागी ४ जीबीची फ्लॅश साठवण. आत झँड्रॉस नावाचं लिनक्स. जानेवारी २००८ मध्ये भारतात एचसीएलने मायलीप आणलं. त्याच वर्षी एसरचं अॅस्पायर वन लिनपस लिनक्ससह आलं.

आता ई-पीसीच्या आत डोकावू. कंपनीची मूळ प्रणाली एका वेगळ्या विभागात होती आणि तिथं काही लिहिता येत नव्हतं. तुमचे बदल दुसऱ्या विभागात साठायचे, आणि युनियन-एफएस नावाची रचना हे दोन्ही थर एकावर एक ठेवून एकच असल्यासारखे दाखवायची. फायदा असा, की काही बिघडलं तर वरचा थर पुसला की यंत्र पुन्हा नव्यासारखं. तोटा असा, की मूळ प्रणालीतला प्रोग्रॅम काढला तरी जागा मोकळी व्हायची नाही, कारण तो खालच्या थरात तसाच असायचा. सुधारित आवृत्ती घेतली की नवी प्रत वरच्या थरात, जुनी खाली. ४ जीबीत हे किती दिवस पुरणार?

म्हणून ज्यांना लिनक्स येत होतं, त्यांनीच हे लिनक्स आधी काढलं. त्यांनी डेबियन टाकलं, उबुंटू टाकलं. सीडी ड्राइव्ह नसल्यामुळे सगळं पेनड्राइव्हवरून. फ्लॅशवर लिखाण कमी व्हावं म्हणून ते स्वॅप विभाग टाळायचे, जर्नल नसलेली एक्स्ट२ फाइल-रचना निवडायचे. पडदा इतका बुटका, की खिडकीतलं 'ओके' बटण खाली लपायचं. मग आल्ट दाबून खिडकी वर ओढायची. बघा, "लिनक्स काढलं" या एकाच नोंदीत लिनक्स न जमणारे आणि चांगलं जमणारे, दोघंही बसले आहेत. वर्गवारी चुकली की निष्कर्ष चुकतो, तो इथं.

दुसरी बाजू विंडोजची. विस्टा २००७ च्या जानेवारीत आलं होतं, पण अशा यंत्रांना ते पेलणारं नव्हतं. एक्सपीची विक्री ३० जून २००८ ला थांबायची होती. म्हणजे स्वस्त छोट्या यंत्रासाठी विंडोजची वाटच बंद होत होती. मग ३ एप्रिल २००८ ला मायक्रोसॉफ्टने जाहीर केलं, की अशा यंत्रांसाठी एक्सपी होम २०१० पर्यंत मिळत राहील. ही तारीख विसरून "ग्राहकांनी नाकारलं" असं लिहिलं, तर अर्धी गोष्ट गळते. लिनक्स का गेलं हे विचारण्याआधी ते मुळात का आलं होतं, हे विचारायला हवं.

आकडे काय सांगतात? २००८ मध्ये एमएसआय कंपनीच्या अधिकाऱ्याने सांगितलं, की लिनक्सवाली नेटबुक परत येण्याचं प्रमाण एक्सपीवाल्यांच्या सुमारे चौपट आहे. २००९ मध्ये डेलने सांगितलं, की त्यांच्याकडे दोन्हींचं प्रमाण साधारण सारखंच आहे. दोघंही खरं बोलत असू शकतात. एमएसआयचं लिनक्स सुसेचं होतं, डेलचं उबुंटूवर बेतलेलं. ग्राहकाला आधी किती सांगितलं, तेही वेगळं. "लिनक्स" हा शब्द दोन्हीकडे एकच, पण मोजलेली गोष्ट एक नाही.

मी हे ईटमधून लिहितोय, भूम तालुक्यातून. इथून बघितलं तर आणखी एक थर दिसतो. महाराष्ट्रात संगणक शिकणं म्हणजे बहुतेकांसाठी एमएस-सीआयटी. एमकेसीएलच्या या अभ्यासक्रमात विंडोज आणि ऑफिस शिकवलं जायचं, आणि सरकारी नोकरीसाठी ते प्रमाणपत्र लागायचं. मराठी टायपिंगची बरीचशी जुनी सॉफ्टवेअरं विंडोजवरच चालायची. इंटरनेटचं डोंगल लावलं की आधी ते सीडीसारखं दिसायचं आणि आतून विंडोजचा प्रोग्रॅम निघायचा. लिनक्सवर त्याला मोडेम बनवायला वेगळी खटपट. अशा माणसाने एक्सपी टाकून घेतलं, तर त्याला लिनक्स जमलं नाही म्हणायचं, की त्याच्या भोवतीचं सगळं जग विंडोजचं होतं म्हणायचं? माझा कल दुसऱ्याकडे आहे. पण तो कल आहे, पुरावा नाही. पुरावा त्या वेळच्या दुकानदारांकडे, पावत्यांवर, जुन्या यंत्रांत शोधावा लागेल.

याच काळात रायगड जिल्ह्यातल्या खैराटच्या एकशिक्षकी शाळेत 'एका मुलामागे एक लॅपटॉप' प्रकल्पाची एक्सओ यंत्रं आली होती, २००७ मध्ये. तिथं लिनक्स केवळ स्वस्त म्हणून नव्हतं. शुगर नावाचा त्याचा चेहराच शिक्षणाची कल्पना होती. चालू प्रोग्रॅमचा कोड बघण्यासाठी कीबोर्डवर खास कळ होती. तरी मे २००८ मध्ये एक्सओवर एक्सपी चालवण्याची घोषणा झालीच. त्याच्या आधीच वॉल्टर बेंडर प्रकल्पातून बाहेर पडले होते, आणि त्यांनी शुगर लॅब्स सुरू करून शुगर इतर यंत्रांवर नेलं. प्रणाली बदलणं ही तांत्रिक बाब वाटते, पण इथं त्यावरून माणसं वेगळी झाली.

आता तुमच्या आराखड्याकडे वळा. त्यात "का नाकारलं गेलं" असा प्रश्न असेल, तर त्याचे तुकडे करा: कुणी बदललं, कशाच्या जागी काय टाकलं, केव्हा, आणि त्या दिवशी दुसरा पर्याय कोणता मिळत होता. या चार खान्यांचा तक्ता भरायला घ्या. जो खाना रिकामा राहील, तिथून तुमचं संशोधन सुरू होतं.