वाटाण्याचा अंकुर आणि कॅमेऱ्याचा डोळा

श्रोतेहो, वाटाणा पेरला की काही दिवसांत अंकुर मातीवर डोके काढतो. पण दिवसभर बांधावर बसून राहिलात तरी तो वाढताना काही दिसायचा नाही. ही न दिसणारी वाढ 1912 साली मुंबईत दादासाहेब फाळके यांनी पडद्यावर दाखवली.

गिरगावात ख्रिस्तचरित्राचा चित्रपट पाहून फाळक्यांनी या धंद्यात उडी घ्यायचे ठरवले. विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून ते लंडनला गेले आणि कॅमेरा घेऊन परतले. आता चित्रपटाला भांडवल हवे होते. पण हलत्या चित्रांवर पैसे लावणार कोण? त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, कॅमेरा समोर रोवला आणि महिनाभर ठराविक अंतराने एकेक चित्र टिपले. समजा, तासाला एक चित्र घेतले, तर दिवसाची झाली 24. ती सेकंदाला 16 या वेगाने दाखवली, की अख्खा दिवस दीड सेकंदात सरतो! निवडक मंडळींसमोर तो अंकुर सरसर वाढला आणि भांडवलदाराचा विश्वास बसला. पुढे सरस्वतीबाईंचे दागिनेही कामी आले. दादरला चित्रण होऊन 3 मे 1913 रोजी ‘राजा हरिश्चंद्र’ गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये लागला.

फाळक्यांनी दाखवले ते वेळेमुळे न दिसणारे. प्रकाशाचेही तसेच आहे. 1801 साली जर्मनीत रिटर यांना आढळले, की इंद्रधनुष्यातल्या जांभळ्या रंगापलीकडे, जिथे डोळ्याला काहीच दिसत नाही, तिथे चांदीचा क्षार भराभर काळा पडतो. हाच तो अतिनील प्रकाश. आपल्याला तो दिसत नाही, मधमाशीला दिसतो. सूर्यफुलाची पाकळी आपल्या डोळ्यांना सबंध पिवळी. पण बाकीचा प्रकाश अडवणारी काच लावून केवळ अतिनील प्रकाशात फोटो घेतला, तर पाकळीचे टोक उजळ आणि बूड काळे येते. मधोमध जणू काळे रिंगण! मधमाशीला ते मधाची जागा दाखवते. साध्या भिंगाची काच हा प्रकाश बराचसा अडवते, म्हणून अशा फोटोंसाठी क्वार्ट्झचे भिंग वापरतात.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, ते भिंग महाग आहे, वाटाणा नाही. शाळेच्या खिडकीत कुंडी ठेवा, मोबाईल रोज त्याच जागी, त्याच वेळी धरून एक फोटो घ्या. महिन्याने सारे फोटो भराभर सरकवून मुलांना दाखवा. पाठ्यपुस्तकातली ‘वनस्पतीची वाढ’ मग निराळी शिकवावी लागणार नाही.