न्यायमूर्ती रानडे यांची विद्यार्थिदशा

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० साली जाहीर झाल्यापासून ‘बहुविद्याशाखीय पदवी’ हा शब्द सर्वतोमुखी झाला आहे. इतिहासाच्या विद्यार्थ्याने थोडे गणित शिकावे, गणिताच्या विद्यार्थ्याने थोडे तत्त्वज्ञान वाचावे, ही कल्पना जणू कालपरवाच जन्मास आली, असा पुष्कळांचा समज दिसतो. वस्तुतः मुंबई विद्यापीठाची आरंभीची पदवी ह्याच जातीची होती. आणि तिचे खरे मोल काय व ते कोठे कसास लागते, हे महादेव गोविंद रानडे यांच्या विद्यार्थिदशेवरून चांगले समजते.

विद्यापीठाची स्थापना १८५७ साली, लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर झाली. त्याच्या एक वर्ष आधी, वयाच्या चौदाव्या वर्षी, रानडे कोल्हापुराहून मुंबईस एल्फिन्स्टनमध्ये शिकावयास आले. १८५९ च्या पहिल्या प्रवेशपरीक्षेत ते उत्तीर्ण झाले. आणि १८६२ साली रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे व वामन आबाजी मोडक यांच्यासह विद्यापीठाचे पहिले पदवीधर झाले. भाषा, इतिहास व अर्थशास्त्र, गणित व पदार्थविज्ञान, तर्कशास्त्र व नीतिशास्त्र अशा भिन्न भिन्न विषयांत त्या वेळी उमेदवारास उतरावे लागे. आणि हे सारे परक्या भाषेतून. रानड्यांनी ह्या काळात वाचनाचा असा सपाटा लावला की, त्यांचे डोळे बिघडले व ते दुखणे जन्माचे सोबती झाले.

परंतु डोळ्यांहूनही मोठा प्रसंग निराळाच होता. कॉलेजात असताना रानड्यांनी एका निबंधात मराठ्यांच्या राज्यकारभाराची इंग्रजी अमलाशी तुलना केली व मराठेशाहीस झुकते माप दिले. प्रिन्सिपॉल सर अलेक्झांडर ग्रँट यांस हे रुचले नाही व रानड्यांची शिष्यवृत्ती सहा महिने बंद झाली, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. ग्रँटसाहेब काही सामान्य गृहस्थ नव्हते. ॲरिस्टॉटलच्या नीतिशास्त्राचे ते नामांकित भाष्यकार होते. तरीही इतिहास, अर्थशास्त्र व नीतिशास्त्र ही जोवर निरनिराळ्या उत्तरपत्रिकांत होती तोवर कोणाचीच तक्रार नव्हती; ती तिन्ही एकत्र आणून विद्यार्थ्याने स्वदेशाविषयी स्वतःचा निर्णय दिला, तेव्हा मात्र तो अपराध ठरला!

आमच्या मते बहुविध शिक्षणाचे मर्म ह्या एका प्रसंगात आहे. चार विषयांची चार गाठोडी डोक्यावर घेतल्याने कोणी बहुश्रुत होत नाही. मनात एखादा जिवंत प्रश्न असावा लागतो, म्हणजे ती गाठोडी आपोआप सुटतात. भांडारकरांचेच पाहा. त्यांची मूळची गोडी गणिताची. संस्कृताकडे ते मागाहून वळले. पण त्यांच्या इतिहासलेखनात पुराव्याची जी काटेकोर छाननी दिसते, तिच्यात गणिताची शिस्त ओळखू येते.

रानड्यांच्या मनातील प्रश्न तर शिष्यवृत्ती थांबल्याने थांबला नाही. पुढे त्याच कॉलेजात त्यांनी इंग्रजी व इतिहास शिकविला. गिरगावातील प्रार्थनासमाजात धर्मविषयक व्याख्याने दिली. आणि १८९२ साली पुण्यास डेक्कन कॉलेजात, अर्थशास्त्राचे सिद्धांत देशकालपरिस्थिती पाहूनच लावले पाहिजेत, असे प्रतिपादन केले. शेवटी १९०० साली मराठ्यांच्या सत्तेच्या उदयावरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यात शिवाजी महाराजांच्या राज्यव्यवस्थेइतकेच महत्त्व साधुसंतांच्या कार्यास दिलेले आहे. धर्म, समाज व राज्यकारभार यांचा असा एकत्र विचार करणारा हा ग्रंथ म्हणजे त्या दंडित निबंधाचेच जणू विस्तारलेले उत्तर होय. पुढच्याच वर्षी, १६ जानेवारी १९०१ रोजी, रानडे निवर्तले.

एल्फिन्स्टन कॉलेज आज डॉ. होमी भाभा राज्य विद्यापीठाचे घटक आहे. आजच्या विद्यार्थ्यास विषयांची निवड रानड्यांहून पुष्कळ अधिक मोकळेपणी करता येते. मात्र निवडलेले विषय एकत्र आणून त्याने गुरुजनांस न रुचणारा निष्कर्ष काढला, तर त्याचा निबंध आपण शांतपणे वाचू काय? नव्या पदवीची खरी परीक्षा विद्यार्थ्याची नसून आपली आहे.